पाच सीटर की सात सीटर? खान्देशात गाडी घेताना तिसऱ्या रांगेचा हिशेब असा मांडा

आखाजी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरांत एक विषय निघतोच. पुण्याहून मुलगा-सून येणार, सुरतहून लेक-जावई येणार, सोबत नातवंडं, आणि घरात आजी-आजोबा आहेतच. सगळ्यांनी मिळून सप्तशृंगी गडावर जायचं ठरतं. माणसं सात आणि दारात गाडी पाच सीटर. मग दोघं एसटीनं जातात, नाहीतर नातू आजीच्या मांडीवर आणि नात दोन सीटच्या मधल्या फटीत बसते. परत आल्यावर कुणीतरी म्हणतं, "आता पुढची गाडी सात सीटरच घ्यायची."

इथून खरी पंचाईत सुरू होते. कारण शोरूममध्ये गेल्यावर कळतं की तेच नाव, तोच चेहरा, पण दोन रांगांची आणि तीन रांगांची अशा दोन वेगळ्या गाड्या आहेत. टाटाची हॅरियर पाच सीटर, तिचीच बहीण सफारी सहा-सात सीटर. ह्युंदाईची क्रेटा पाच सीटर, अल्काझार सहा-सात सीटर. एमजीची हेक्टर आणि हेक्टर प्लस. महिंद्रानं २०२१ साली आणलेली एक्सयूव्ही ७०० तर एकाच बॉडीत पाच आणि सात, दोन्ही सीटमध्ये आली. दोन सीट जास्त मिळतायत, वर लाख-दीड लाख टाकले की झालं, असं वाटतं. पण त्या दोन सीट नेमक्या कुठून येतात, हे बघितल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

जुनी सवय, नवी गाडी

खान्देशाला मोठ्या गाडीचं कौतुक आजचं नाही. कमांडर, मार्शल, १९९४ साली आलेली सुमो, २००० साली आलेली बोलेरो. काळी-पिवळीत 'थोडं सरका भाऊ' म्हणत दहा-बारा माणसं बसायची आणि गाडी अमळनेर-पारोळा रस्त्याला लागायची. मागं आडव्या सीट, समोरासमोर बसलेली माणसं, मधे पिशव्या, एखादी कोंबडी. सुमो १० माणसांची गाडी म्हणूनच ओळखली गेली.

ती सवय डोक्यात ठेवून आजची सात सीटर एसयूव्ही बघितली तर फसगत होते. सुमोचं छप्पर उंच आणि गाडी ठोकळ्यासारखी होती. आजच्या एसयूव्हीचं छप्पर मागं उतरत जातं, काच तिरकी असते, आणि खाली मागच्या चाकांची यंत्रणा असल्यानं फरशी वर आलेली असते. छप्पर खाली आणि फरशी वर, या दोघांच्या मधे तिसरी रांग बसवलेली असते. म्हणून तिथं बसलेल्या मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. पाटावर बसल्यासारखं वाटतं, फक्त पाटावरून पटकन उठता येतं.

आता लांबीचे आकडे बघा. हॅरियरची लांबी ४,६०५ मिमी, सफारीची ४,६६८ मिमी. फरक ६३ मिमी, म्हणजे साधारण चार बोटं. दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर एकच, २,७४१ मिमी. म्हणजे सफारीची तिसरी रांग जास्तीच्या लांबीत बसवलेली नाही, ती बहुतेक डिकीच्या जागेत बसवली आहे. क्रेटा आणि अल्काझारचं गणित थोडं वेगळं आहे. क्रेटा ४,३३० मिमी, अल्काझार ४,५६० मिमी, आणि चाकांमधलं अंतरही १५० मिमीनं वाढवलेलं. म्हणून 'सात सीटर' हा एकच शब्द ऐकून दोन गाड्यांची तुलना करू नये. कुणी जागा वाढवून सीट दिली आहे, कुणी जागा खाऊन.

डिकीत गव्हाचं पोतं मावतं का?

कंपन्या डिकीची जागा लिटरमध्ये सांगतात. लिटर म्हटलं की दूध आणि पेट्रोल डोळ्यांसमोर येतं, डिकी येत नाही. म्हणून आपलं माप घेऊ. पन्नास किलो गव्हाचं पोतं साधारण ६५ लिटर जागा घेतं.

हॅरियरची डिकी ४४५ लिटरची, म्हणजे निव्वळ आकड्यात सहा-सात पोती. सफारीच्या तिन्ही रांगा उभ्या असतील तर मागं उरतात ७३ लिटर. जेमतेम एक पोतं, तेही आकारामुळे प्रत्यक्षात बसणार नाही. क्रेटा ४३३ लिटर, अल्काझार तिन्ही रांगा वापरात असताना १८०. हेक्टर ५८७, हेक्टर प्लस १५५. उंच बॉडीच्या गाड्या इथं बऱ्या: अर्टिगा २०९ लिटर, किया कॅरेन्स २१६. रेनो ट्रायबर चार मीटरच्या आत सात माणसं बसवते, पण मग मागं ८४ लिटरच राहतात.

हे आकडे खान्देशात जास्त टोचतात, कारण इथला प्रवास रिकाम्या हातानं होत नाही. लेक माहेराहून निघताना दादरची पिशवी, बिबड्या, कुरडया, पापडाचे डबे, भरताची वांगी आणि वाटेत सावदा-रावेरकडून आलेली केळीची फणी असं सगळं सोबत जातं. सात माणसांच्या बॅगा वेगळ्याच. म्हणजे ज्या दिवशी सातही सीट लागतात, नेमकी त्याच दिवशी डिकीही सगळ्यात जास्त लागते, आणि तीच त्या दिवशी नसते. मग टपावर कॅरिअर लावून ताडपत्री बांधायची. त्यानं गाडी जड होते, मायलेज पडतं आणि वळणावर झुकणं वाढतं.

सीएनजी गाडी बघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. सात सीटरमध्ये टाकी मागेच बसते. सीट तशाच राहतात, पण सामानाची उरलीसुरली जागाही जाते.

तिथं बसणार कोण?

घरात सात माणसं आहेत म्हणून सात सीटर, हा हिशेब चुकतो तो इथं. तिसऱ्या रांगेत कोण बसणार, हे नावासकट ठरवून बघा.

आजी-आजोबा? मधली सीट दुमडून पुढे ढकलायची, एक पाय वर टाकायचा, कंबरेत वाकून आत शिरायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, नऊवारीतल्या आजीला हे जमत नाही. एकदा कसंबसं जमलं तरी चहाला थांबल्यावर त्या उतरायच्या नाहीत आणि लघवी दाबून बसतील. हे कुणी बोलत नाही, पण होतं. त्यामुळे ज्येष्ठ मंडळी मधल्या रांगेतच बसणार, हे धरून चाला.

मग उरतात मुलं. आठ-दहा वर्षांच्या मुलांना तिसरी रांग आवडते, त्यांना ती आपली खोली वाटते. पण अगदी लहान मूल तिथं बसवता येत नाही, कारण बाळाची सीट पक्की करण्याचे आयसोफिक्स हुक बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेलाच असतात. आणि आठ वर्षांचा मुलगा गाडीचं कर्ज फिटेपर्यंत पंधरा वर्षांचा होतो. त्याची उंची वडिलांएवढी झालेली असते.

घाटाचाही मुद्दा आहे. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा थोडी मागं येते. त्यामुळे खड्डा आणि वळण दोन्ही तिथं जास्त जाणवतं, आणि खिडकीही लहान असते. कन्नडचा घाट, सुरतेच्या वाटेवरचा कोंडाईबारी किंवा गडाखालचा नांदुरीचा घाट, ज्याला गाडी लागते त्याला मागं बसवलं तर पिशवी हाताशी ठेवावी लागेल.

सहा सीटर हा मधला पर्याय बऱ्याच गाड्यांत मिळतो. त्यात मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असतात आणि काही गाड्यांत त्यांच्यामधून मागं जायची वाट मिळते. ज्या घरात आजी-आजोबा दोघं नेहमी सोबत असतात त्यांच्यासाठी ही मांडणी सात सीटपेक्षा बरी पडते. मात्र मधे तिसरं माणूस बसत नाही, हे आधीच मान्य करावं लागतं.

पाच सीटरबद्दलही खरं सांगायला हवं. मागच्या सीटवर तीन धडधाकट माणसं जळगाव ते पुणे, म्हणजे सुमारे चारशे किलोमीटर, आरामात बसत नाहीत. मधला माणूस अजिंठा येईपर्यंत गप्प बसतो, मग बोलायला लागतो. म्हणून पाच सीटर म्हणजे चार मोठे आणि एक मूल, आणि सात सीटर म्हणजे पाच मोठे आणि दोन मुलं, असंच समजावं.

पंचेचाळीस अंशांत मागचा एसी

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूमध्ये एका ओळीत संपतो. जळगाव-भुसावळात तो एका ओळीत संपू नये. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि लग्नसराईही त्याच दिवसांत असते. उन्हात तीन तास उभी राहिलेली गाडी सुरू केली की पुढच्यांना पाच मिनिटांत गार लागतं, मागच्यांना भट्टी.

तिसऱ्या रांगेला एसीची नुसती जाळी आहे, की वेगळा पंखा आणि त्याचा वेग कमी-जास्त करायचं बटण आहे, हे बघा. काही गाड्यांत मधल्या रांगेच्या छपरातून हवा येते आणि ती मागं पोचेल अशी आशा असते. तिसऱ्या रांगेची खिडकी उघडत नाही. तिथं बसलेल्या मुलांना हवा फक्त एसीचीच, दुसरी वाट नाही.

तारे कुणासाठी मोजले?

सुरक्षिततेच्या ताऱ्यांची आता सगळ्यांनाच माहिती झाली आहे. भारत एनकॅप ही आपली चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि त्या डिसेंबरमध्ये हॅरियर आणि सफारी यांना तिच्यातले पहिले पाच तारे मिळाले. चांगली गोष्ट आहे. पण या चाचणीत बाहुल्या कुठं बसवतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. समोरच्या धडकेच्या चाचणीत मोठ्या माणसाच्या मापाच्या दोन बाहुल्या पुढच्या सीटवर असतात, आणि दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या दोन त्यांच्या मागच्या सीटवर, बालसीटमध्ये. तिसऱ्या रांगेत कुणीच नसतं.

म्हणजे पाच तारे बघून तिसऱ्या रांगेत मुलं बसवली तर त्या जागेबद्दल चाचणीनं काहीच सांगितलेलं नसतं. गाडी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ताऱ्यांचा आकडा त्या रांगेपर्यंत पोचत नाही, एवढाच. आणि त्या रांगेच्या पाठीमागं काय असतं? थोडी जागा आणि मागचा दरवाजा. महामार्गावर मागून ट्रकनं धडक दिली तर पहिला मार तिथं बसतो.

त्यामुळे तिसऱ्या रांगेसाठी तीन गोष्टी विचारून घ्या. दोन्ही सीटना खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे का? डोक्यामागची उशी मुलाच्या डोक्यापर्यंत, मोठ्याच्या डोक्यापर्यंत वर येते का? खिडक्यांवर उघडणारी पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते की मधल्या रांगेवरच संपते? सेल्समनला हे पाठ नसेल तर माहितीपुस्तिका मागा.

आडव्या सीटचा विषय वेगळा सांगायला हवा, कारण खान्देशात बोलेरो अजून घराघरांत आहे. चार मीटरच्या आतल्या बोलेरो निओला एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एक तारा मिळाला. शेतात, वाडीवर, खराब रस्त्यावर या गाड्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नाही, हेही तितकंच खरं. पण आडव्या सीटवर बसलेलं माणूस धडकेच्या वेळी बाजूला फेकलं जातं. मुलांना रोज शाळेत सोडायला किंवा ताशी शंभरच्या वेगानं महामार्गावर न्यायला ती जागा नाही.

आणि पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. महागड्या गाडीतही तेच झालं. कायद्यानं पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेलं तरी तेवढाच. मांडीवर मूल घेऊन पाच सीटरमध्ये सहा-सात जणांनी जाणं यापेक्षा पट्टा असलेली तिसरी रांग केव्हाही चांगली. हा सात सीटरच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, डिकीपेक्षाही मोठा.

पैशाचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब नसलेली, पेट्रोल १,२०० सीसी किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंतची गाडी असेल तर १८ टक्के. बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के, आणि वरचा सेस गेला. त्यामुळे १,४९३ सीसी डिझेलची, ३,९९५ मिमी लांबीची बोलेरो सात माणसं बसवूनही १८ टक्क्यांत बसते. ट्रायबरही. अर्टिगा ४,३९५ मिमी लांब, म्हणून ती ४० मध्ये जाते. सीट किती यावर कर ठरत नाही, लांबी आणि इंजिनावर ठरतो. क्रेटा आणि अल्काझार दोन्ही ४० मध्येच येतात, तेव्हा त्या जोडीत कराच्या टक्क्याचा फरक पडत नाही.

त्यावर राज्याचा एकरकमी कर. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के. मूळ किमतीत वाढलेल्या प्रत्येक लाखामागं अकरा ते पंधरा हजार इथं वाढतात. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता सीटवर नाही, इंजिनावर ठरतो: १,००० ते १,५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये, १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये (जीएसटी वेगळा). टोलला मात्र दोन्ही गाड्या सारख्याच.

समजा, दोन रांगांच्या आणि तीन रांगांच्या गाडीत रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांचा फरक पडला आणि तो सात वर्षांच्या, ९ टक्के व्याजाच्या कर्जातून भरला. महिन्याला सुमारे ३,२०० रुपये, सात वर्षांत दोन लाख सत्तर हजार. म्हणजे वर्षाला साधारण ३८,६०० रुपये त्या दोन सीटचं भाडं.

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि गेल्या वर्षी पाचपेक्षा जास्त माणसं एकाच गाडीतून किती वेळा गेली ते मोजा. आखाजी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई, दिवाळी, गडाची एक फेरी, दोन लग्नं. सहा वेळा धरलं तर प्रत्येक फेरीला साडेसहा हजारांच्या आसपास पडले. तेवढ्यात गावातली सात सीटर चालकासकट किती दिवसांसाठी भाड्यानं मिळते, हे एका फोनवर कळतं. वीस फेऱ्या होत असतील तर आकडा दोन हजारांच्या खाली येतो आणि भाड्याची गाडी महाग पडते. शिवाय लग्नाच्या दाट तिथीला भाड्याची गाडी मिळतच नाही, हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

जास्तीच्या दोघांसाठी एसटीही आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ती मोफत आहे आणि महिलांना अर्ध्या तिकिटात. पण आजीला मोफत एसटीत बसवून बाकीचे एसीत गेले, हा हिशेब कागदावर बसतो, घरात बसत नाही.

कुणाला कोणती

आई-वडील आणि दोन मुलं एवढंच घर असेल, आजी-आजोबा गावी राहत असतील आणि वर्षातून चार-सहा वेळाच मोठा गोतावळा जमत असेल, तर पाच सीटर घ्यावी. उरलेल्या पैशात त्याच गाडीचं वरचं, सगळ्या एअरबॅगचं मॉडेल येतं. ते जास्त कामाचं आहे. सहा माणसं रोज एका छताखाली राहत असतील, तर मात्र पाच सीटर घेऊन रोज कुणाला तरी घरी ठेवायची वेळ येते. तिथं तीन रांगाच हव्यात, आणि मग एसयूव्हीच्या रुबाबापेक्षा अर्टिगा किंवा कॅरेन्ससारखी उंच, सरळ छपराची गाडी माणसांना जास्त सुख देते. हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, कारण गल्लीत सफारी आली की सगळे बघतात आणि अर्टिगा आली की टॅक्सी आली असं वाटतं.

गल्लीचंही माप घ्या. धुळ्यातल्या क्रमांकाच्या गल्ल्या आणि जळगावातल्या जोशी पेठेसारख्या जुन्या वस्त्या बैलगाडीच्या काळातल्या आहेत. साडेचार मीटरहून लांब गाडी तिथं वळवताना समोरच्याचा ओटा मधे येतो. नव्या भागात हा प्रश्न येत नाही.

सात सीटर घेऊन एरवी मागची रांग दुमडून ठेवली तर डिकी पाच सीटरइतकी किंवा जास्त मिळते, हा तिचा फायदा धरावा. आणि सात माणसं भरून निघताना चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. पूर्ण भाराला चाकांत हवा किती हवी ते त्यावर लिहिलेलं असतं. सात मोठी माणसं सरासरी ६५ किलोची धरली तरी साडेचारशे किलो होतात. भर उन्हात, कमी हवेच्या टायरवर हा भार धोक्याचा ठरतो.

शोरूमला जाताना एकट्यानं जाऊ नका. आजीला, मुलांना, जावयांना, सगळ्या सात जणांना घेऊन जा, तेही दुपारी दोन वाजता. गाडी शोरूमच्या गार हॉलमध्ये नाही, बाहेर उन्हात उभी असलेली मागा. गाडी घेणाऱ्यानं स्वतः तिसऱ्या रांगेत बसावं आणि चावी दुसऱ्याच्या हाती द्यावी. अजिंठा चौफुलीवरून महामार्गाला वीस मिनिटं जाऊन या. परत आल्यावर उतरताना आधी कुणाला उठावं लागलं आणि किती वेळ लागला, तेवढं बघा.